वांग्याची भावकी

हिंगोलीला निघाले तेव्हा आमच्या पुण्यातल्या सोसायटीत मला दोन प्रश्न विचारले गेले. पहिला, हे नेमकं कुठं आलं? दुसरा, तिथं बघायला काय आहे? पहिल्याला मी "मराठवाड्यात, विदर्भाला चिकटून" असं उत्तर दिलं आणि दुसऱ्याला "वांगी". त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. शेजारच्या काकांनी तेवढं प्रकृतीला जपायला सांगितलं.

मी खोटं बोलले नव्हते. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, आणि निवृत्त प्राध्यापकाचं जे होतं तेच माझं झालं: ऐकायला वर्ग उरला नाही, बोलायची खोड मात्र उरली. एका प्रकाशकांनी ती ओळखली. त्यांना शाळकरी मुलांसाठी पुस्तक हवं होतं. झाडांची दोन कुळं ओळखायला शिकवायची, एक वांग्याचं आणि एक गाजराचं, आणि माणसं त्यांचा काय काय उपयोग करतात ते सांगायचं. "घरबसल्या नको मॅडम, प्रत्यक्ष हिंडून लिहा," असं ते घरबसल्या म्हणाले. माझा एक जुना विद्यार्थी दत्ता, नरसी नामदेवला रस्त्याकडेला हॉटेल चालवतो. दरवर्षी बोलावतो. मार्गशीर्ष लागत होता, भाज्यांचे दिवस होते. म्हटलं चला.

हिंगोलीच्या स्टँडबाहेर उतरले आणि पहिलं दर्शन झालं ते गाजर गवताचं. नाल्यापासून कुंपणापर्यंत तेच. मी मोठ्या आनंदानं फोटो काढला आणि वहीत लिहिलं: 'याचा गाजराशी काडीचाही संबंध नाही.' पानं गाजरासारखी कातरलेली, एवढ्यावर या उपऱ्या गवताला गाजराचं नाव मिळालं. खरं म्हणजे ते शेवंतीच्या गोतावळ्यातलं. त्याच्या शेजारीच भिंतीला टेकून धोतरा उभा होता, पांढरं भोंग्यासारखं फूल, काटेरी फळ. हा मात्र अस्सल वांग्याच्या कुळातला. मी गुडघ्यावर बसून त्याचा फोटो घेत होते, तेवढ्यात एक रिक्षावाला खाली वाकून बघायला लागला.

"मॅडम, ये तो धतुरा हय. इसका फोटू कायकू निकालते? उधर औंढे में इत्ता बडा मंदिर हय, उसका निकालो ना."

मी म्हटलं, त्या मंदिरात महादेवाला हाच तर वाहतात. तो म्हणाला, "वो तो महादेव हय, उसकू हजम होता. तुम हात धोके रिक्षा में बैठो." विषारी वनस्पतींविषयी इतकी नेमकी सूचना मी माझ्या प्रयोगशाळेच्या दारावरसुद्धा कधी लावली नव्हती.

दत्ताचं हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, बाकडी, आणि मागं लागूनच घर. नामदेवांच्या गावी येणारे भाविक, शेंगा-हळदीच्या गाड्यांचे ड्रायव्हर आणि रोज येऊन एकाच चहावर राजकारण संपवणारे गावकरी, हे गिऱ्हाईक. पिठलं-भाकरी, भजी आणि ठेचा, हा ठरलेला मेनू. दत्ता गल्ल्यावर बसतो म्हणून मालक म्हणवतो. चूल त्याच्या आईच्या ताब्यात आहे. गोदाकाकू. सत्तरीच्या, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट, दातांना मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावून लावून हसू काळंसावळं झालेलं. माझं सामान उतरवायच्या आधीच त्यांनी माझ्याकडं आपादमस्तक बघून निकाल दिला, "बाई लई वाळल्या. जेवाया बसा."

घरात आणखी एक जण होती, दत्ताची बहीण मीरा. सासर आखाडा बाळापूरचं. बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा लागलेला. दाराच्या चौकटीला टेकून ती एका हातानं पाठ दाबत होती आणि दुसऱ्या हातानं वाटीतला ठेचा नुसताच चाटत होती.

जेवण असं: ज्वारीची गरम भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, टमाट्याची चटणी, बटाट्याचं कालवण. मी विचारलं, मार्गशीर्षात या भागात आले आणि ताटात वांगं नाही, असं कसं?

"आमी वांगं खात न्हाई सध्या," काकू म्हणाल्या. चातुर्मासात पुष्कळ घरांत वांगं सोडतात आणि चंपाषष्ठीला, म्हणजे इकडच्या बोलीत वांगेसटीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच खातात, हे मला माहीत होतं. पण काकूंचं प्रकरण त्याहून पुढचं होतं. मीराची आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा काकूंनी खंडोबाला शब्द दिला, की लेकरू धडधाकट मांडीवर येईपर्यंत वांगं तोंडात घालणार नाही. वांगेसट आली तरी नाही. "भरीत म्हंजी जीव की प्राण हाय माझा," त्या म्हणाल्या. "जे लई आवडतंय तेच सोडावं लागतंय. न आवडतं सोडून देवाला काय फसवायचं?"

इथं कुणीही शहाणं माणूस गप्प बसलं असतं. पण माझ्यासमोर ताटात ठेचा होता, चटणी होती, बटाटा होता आणि ऐकायला तीन माणसं होती.

"गंमत सांगू का काकू," मी म्हटलं. "ही मिरची, हा टमाटा, हा बटाटा, ही सगळी वांग्याचीच मंडळी." आणि मी उठून परसातून वांग्याचं, मिरचीचं आणि टमाट्याचं एकेक फूल आणि फळ तोडून आणलं. बघा, पाची पाकळ्या बुडाशी जुळलेल्या, चांदणीसारख्या. आणि फळाच्या डोक्यावर ही हिरवी टोपी, वांग्याला तीच, मिरचीला तीच, टमाट्याला तीच. एका घरातली माणसं नाकावरून ओळखतो ना, तशी ही टोपीवरून ओळखायची.

काकूंचा हात थांबला. "म्हंजी भावकी?"

"अगदी बरोबर! भावकीच."

इतक्या वर्षांत इतक्या पटकन समजलेला विद्यार्थी मला मिळाला नव्हता. "आनखी कोन कोन हाय त्या भावकीत?" त्यांनी विचारलं, आणि मी फुलून आले. धोतरा सांगितला. बांधावरची काटेरी रिंगणी सांगितली. पोरं काळी फळं खातात ती कामोणी, ताकदीसाठी घेतात ती अश्वगंधा, सगळी सांगितली. आणि शेवटी, टाळी मिळावी म्हणून राखून ठेवलेला मोहरा काढला, "आणि काकू, तुमच्या मिश्रीतली तंबाखूसुद्धा!"

टाळी मिळाली नाही. काकूंनी हातातला घास ताटात ठेवला, मोरीकडं गेल्या आणि चूळ भरली. मला वाटलं, ठसका लागला असेल.

सकाळी हॉटेलात आरडाओरडा ऐकून जाग आली. एक ट्रकवाला भज्यांची प्लेट हातात घेऊन दत्ताला विचारत होता, "ह्यात मिरची काहून न्हाई? लेकराच्या बारशाचे भजे हायेत का?" दत्तानं पोह्यांची बशी पुढं केली, त्यातही मिरची नव्हती. आत चुलीजवळ मिरच्यांची टोपली, टमाटे आणि बटाटे कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवले होते, घरात सोवळंओवळं झाल्यासारखे. मिश्रीची डबी चौकटीवरून नाहीशी झाली होती.

"मॅडम," दत्ता माझ्याकडं येऊन फार अदबीनं म्हणाला, "तुमी कॉलेजात शिकवलेलं मला एक अक्षर ध्यानात न्हाई. माझ्या आईला एका जेवणात समदं कसं काय समजलं?"

काकू चुलीपुढं बसल्या होत्या. डोळे सुजलेले. मिश्री नसल्यानं आवाजाला धार आलेली. त्यांचा हिशोब सरळ होता. भावकीतल्या एकाला सुतक लागलं की साऱ्यांना लागतं. वांगं वर्ज्य, तर त्याची भावकी वर्ज्य. "आन मी रोज मिरची खात राहिले, बाई. रोज. खंडोबाला म्हनलं वांगं सोडलं, आन त्याच्या भावांना हातानं वाटून खात राहिले. नवस मोडला माझा." मग दाराकडं, जिथं मीरा झोपली होती तिकडं बघून अगदी हळू म्हणाल्या, "आन वाईट झालं तर माझ्यानं झालं म्हनायचं."

मला हसू येत होतं ते तिथंच थांबलं. मी जे बोलले होते ते शब्द न शब्द खरं होतं, आणि ते बोलून मी एका म्हाताऱ्या बाईच्या जिवाला घोर लावून ठेवला होता. मी म्हटलं, "काकू, देव असं मोजत बसत नाही."

"तुमी देवाच्या साळंतबी शिकवाया व्हत्या का?"

त्या दिवशी जेवण आलं ते जिरे, धने, ओवा आणि कोथिंबीर यांच्या जोरावर. मेथीचं वरण, त्याला जिऱ्याची फोडणी. शेपूची भाजी, मुगाची डाळ घालून. चव चांगली होती, पण मीरा ताटाकडं बघून रडायला लागली. "माय, नुसत्या शेपूवर लेकरू व्हतंय का? मला ठेचा दे." काकूंनी तिलाही मनाई केली होती. मी ताटाकडं बघत होते आणि एक गोष्ट माझ्या जिभेच्या टोकावर आली होती: जिरे, धने, ओवा, शेपू हीसुद्धा सगळी एकाच कुळातली, गाजराच्या. मी भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी दत्तानं मोटरसायकल काढली. "चला मॅडम. तुमी बिघडवलं, आता तुमीच कोनाकून तरी निकाल आना." पुस्तक बाजूला राहिलं आणि मी मिरचीची वकील झाले.

पहिला मुक्काम हिंगोलीत. दत्ताच्या ओळखीचे एक जोशीकाका, सकाळी देवळात पूजा सांगायचे आणि दिवसा कचेरीत कारकुनी करायचे. म्हणजे दोन्हीकडचे कायदे त्यांना ठाऊक. त्यांनी शांतपणे चहा मागवला आणि सांगितलं, "वर्ज्य वांगं आहे. मिरचीचा उल्लेख नाही. कसा असेल? मिरची, बटाटा, टमाटा, तंबाखू, सगळं मागाहून जहाजातून आलंय. पोथीत जे नाहीच, त्याला मनाई कुठून येणार?" निकाल मला फार आवडला. आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आणि बटाटा तर उपासाला चालतो! तो वांग्याचा भाऊ असता तर चालला असता का?" मी खूश होऊन दोघांना नमस्कार केला.

संध्याकाळी हे काकूंना सांगितलं. पोथीत मिरची नाही म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "पोथीत नसल. देवाला ठावं हाय की." उपासाचा बटाटा सांगितला, तर त्यांचा चेहरा आणखी पडला. "अगं माय! म्हंजी मी केलेले समदे एकादशीचे उपासबी गेले?"

दत्तानं कपाळावर हात मारला. एका दिवसाची आमची कमाई अशी, की सकाळी एक नवस मोडलेला होता, संध्याकाळपर्यंत सगळ्या जन्माचे उपास मोडले.

पुढचा दिवस जवळा बाजारचा आठवडी बाजार. दत्ताला हॉटेलसाठी माल घ्यायचा होता आणि मला निदान पुस्तकाचं थोडं काम करायचं होतं. गावात शिरतानाच कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, वजनकाट्यापाशी सोयाबीनची पोती, आणि पलीकडं भाजीबाजार. माझ्यासारखीच्या दृष्टीनं तिथं दोन्ही कुळांचं संमेलन भरलं होतं. एका अंगाला वांगी, टमाटे, मिरच्यांचे ढीग. दुसऱ्या अंगाला कोथिंबिरीच्या आणि शेपूच्या जुड्या, देशी लाल गाजरं. गाजराच्या कुळाची ओळख नाकानं होते. पान चुरगाळलं की वास हातातून जात नाही. देठ पन्हाळीसारखा, पानं कातरलेली, आणि फुलावर आलं की एका बिंदूतून निघालेल्या काड्यांची छत्री. जिरे, धने, ओवा, बडीशेप, आपण ज्यांना बिया म्हणतो ती खरी तर या छत्र्यांवरची फळं.

बाजाराच्या कडेला एक तांड्यावरची बाई मुळ्या-पाल्याचं दुकान मांडून बसली होती, शेवंताबाई नावाची. रिंगणीची पिवळी फळं बघून मी विचारलं, ही कशाला? "दाताच्या किडीला," ती म्हणाली आणि माझ्या गालाकडं बघून पुढं बोलली, "तुमचीच दाढ दुखून राहिली ना?" दाढ खरंच दुखत होती, दोन दिवस मिरची नसल्यानं मी चिडून फुटाणे चावत होते. मी शास्त्राच्या नावाखाली होकार दिला. तिनं तापल्या लोखंडावर रिंगणीचं बी आणि तूप टाकलं, वर नळी धरली आणि तो धूर मला तोंडात घ्यायला लावला. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी, खोकून खोकून जीव अर्धा, भोवती बघे गोळा. मग तिनं पाण्याची वाटी पुढं केली. त्यात पांढरे वाकडे किडे तरंगत होते.

"बघा, निघाले!"

मला माहीत होतं की ते किडे नाहीत. बी तापलं की फुटतं आणि त्यातला वाकडा कोवळा अंकुर बाहेर पडतो, तो हा. सांगायला मी तोंड उघडलं. भोवतीच्या लोकांकडं पाहिलं, शेवंताबाईच्या आनंदी चेहऱ्याकडं पाहिलं, काकूंची आठवण झाली, आणि तोंड मिटलं. दाढ दुखायची मात्र थांबली होती. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

परतताना चहाच्या टपरीवर दत्ताला एक मनुष्य भेटला. डोकं नुकतंच भादरलेलं, वर टोपी. कुणी वारलं होतं. आडनाव दत्ताचंच. चार शब्द दुःखाचे बोलून दत्ता गाडीकडं आला. मी विचारलं, "तुमच्या भावकीतले ना? मग तुम्हाला सुतक नाही का?"

"न्हाई हो मॅडम. लई लांबची भावकी. सात पिढ्यांच्या पल्याड गेली की सुतक लागत न्हाई. नुसतं आडनाव एक."

मी गाडीवर बसता बसता पुन्हा उतरले. "दत्ता," मी म्हटलं, "तू कॉलेजात असताना असं काही बोलला असतास तर मी तुला पहिला वर्ग दिला असता."

घरी येताच मी काकूंच्या पुढ्यात बसले. पिशवीतली गाजरं आधी त्यांच्या पदरात ओतली. गाजर म्हटलं की काकू लहान पोरीसारख्या होतात, धुवायचीसुद्धा वाट न बघता पदराला पुसून कडाकडा खातात. त्या खात असताना मी खटला मांडला. वांगं आणि मिरची एकाच घरातली, हे खरं. पण ती वेगळी कधी झाली? माणूस नावाचा प्राणी जन्माला यायच्या कितीतरी आधी. वांगं इकडं राहिलं, मिरची समुद्रापार गेली, तिथंच वाढली, आणि फार उशिरा जहाजात बसून परत आली. सात पिढ्या कसल्या घेऊन बसलात? सात पिढ्या तर वांग्याच्या सात वर्षांत होतात.

काकूंनी गाजर खाणं थांबवलं. "तुमी सोता बघितलं का येगळं व्हताना?"

"नाही."

"मंग कसं म्हनता?"

"पुस्तकात आहे."

"भावकी हाय म्हनलात, तेबी पुस्तकातच व्हतं?"

"हो."

"त्याच पुस्तकात?"

"त्याच."

काकूंनी असा सुस्कारा सोडला की माझा सगळा सेवाकाळ त्यात वाहून गेला. "मंग पैल्याच दिशी पुस्तक पुरतं सांगायचं न्हाई का, बाई! अर्धं सांगून काहून तकलीफ दिली म्हातारीला?"

त्यांनी उठून मिरच्यांवरचं पोतं काढलं. मिश्रीची डबी कुठूनशी कमरेतूनच निघाली. मीरानं तव्यावरचा ठेचा निवायचीही वाट पाहिली नाही, आणि बाहेर ट्रकवाल्यांनी भज्यांचं दत्ताकडं कौतुक केलं. मला पुस्तक लिहून झाल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीराच्या पोटात कळा सुरू झाल्या. अजून वेळ होता, म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबानं होता. जीपमधून हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. दत्ता म्हणाला ठेच्यानं झालं, मी म्हटलं ठेच्यानं काही होत नाही. पूर्ण रस्ताभर काकूंनी मीराचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांच्या शेजारी होते. आयुष्यात एवढी मी कधी घाबरले नव्हते. काही कमीजास्त झालं, तर ही बाई आपल्या मिरचीलाच दोष देणार, आणि मिरचीचं नाव तिच्या मनात मी घातलं होतं.

मुलगी झाली. मीरा सुखरूप होती, पण लेक वजनानं फार कमी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. काकू त्या काचेसमोर उभ्या राहिल्या. आत मुठीएवढं डोकं, नाकात नळी. "मांडीवर देत न्हाईत का?" त्यांनी नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, "आज्जी, थोडं वजन वाढू द्या, मग देतो."

माझं परतीचं तिकीट मी रद्द केलं. मधे वांगेसट आली. काकूंनी पहाटे उठून कणकेचे रोडगे भाजले, आरावर वांगी भाजली, कांद्याची पात घालून भरीत केलं, खंडोबाला नैवेद्य दाखवला आणि हॉटेलात आलेल्या सगळ्यांना वाढलं. मला तीनदा वाढलं. असं भरीत मी पुन्हा खाईन असं वाटत नाही; धुराचा वास, कच्चं तेल, आणि वर ठेचा, एका ताटात वांग्याची सगळी भावकी गुण्यागोविंदानं. काकूंनी त्यातलं बोटसुद्धा चाटलं नाही. मांडीवर म्हणजे मांडीवर, काचेत नाही. उलट त्या दिवशी त्यांनी नवसात भर घातली. कोपऱ्यात उरलेली गाजरं त्यांनी गायीपुढं टाकली. "आता गाजरबी सोडलं," त्या म्हणाल्या. "पोरगी वर्साची व्हईस्तोवर."

मी नुसती मान डोलावली.

लेक दिवसादिवसानं भरत गेली. आणि एका सकाळी नर्सनं ती पेटीतून काढून, दुपट्यात गुंडाळून, काकूंच्या मांडीवर ठेवली. काकू हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या, हात हलवायचीही भीती वाटल्यासारख्या. मग वाकून तिच्या कानाशी म्हणाल्या, "लई वाट बघाया लावलीस गं." मी खिडकीतून बाहेरच्या गाजर गवताकडं बघायला लागले, कारण मला ते अंधूक दिसत होतं.

घरी येताच काकूंनी एक वांगं चुलीत खुपसलं, सोललं, मीठ टाकलं आणि उभ्या उभ्या खाल्लं. सगळं. मग हात धुऊन मीराच्या डब्याच्या तयारीला लागल्या. बाळंतिणीचं खाणं: जिरे घालून भात, शेपूची भाजी, सुपारीत बाळंतशोपा (शेपूचं बी) आणि ओवा, पाण्यात धने. माझी पुण्याला निघायची वेळ झाली होती. मी परसात हात धुवायला गेले. तिथं बियाण्यासाठी राखलेला शेपू फुलला होता, पिवळ्या छत्र्या. शेजारी ओव्याच्या दोन झाडांवर तशाच छत्र्या, पांढऱ्या. काकू मागून आल्या, त्यांनी एक शेपूची छत्री तोडली, एक ओव्याची तोडली, आणि दोन्ही बोटात धरून फिरवत राहिल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "ही दोनी सारखीच दिसून राहिली. धन्याचंबी फूल असंच असतंय. आन गाजर बियाला सोडलं तर गाजराचंबी." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ह्यायची भावकी तर न्हाई ना?"

आत चुलीवर मीराचा डबा तयार होता. जिरे, धने, शेपू, ओवा. गाजराचं अख्खं गणगोत. इथंही मला पुरतं पुस्तक सांगता आलं असतं. पिढ्या तर याही कुळात वेगळ्या झाल्या आहेत. पण उत्तर यायच्या आधी त्यांच्या चेहऱ्यावर जी एक छटा येणार होती, ती मला पुन्हा बघायची नव्हती.

"नाही काकू," मी म्हटलं. "काही संबंध नाही."

"बराबर बघून सांगा."

"बघूनच सांगते."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन्ही छत्र्या हातावर चोळून माझ्या ओंजळीत टाकल्या आणि मीराचा डबा बांधायला आत गेल्या.

पुण्याला येईपर्यंत माझ्या हाताला तो वास होता. सोसायटीत विचारलं, कसं झालं, काय पाहिलं? मी म्हटलं, वांगी. पुस्तक पुढं छापून झालं. वांग्याच्या कुळाचा धडा आहे, त्यात मिरची कधी वेगळी झाली ते आधी सांगितलं आहे आणि भावकीचं नंतर. गाजराच्या कुळाचा धडाही आहे. छत्र्यांची चित्रं चांगली आली आहेत, शेपूची, ओव्याची, धन्याची, गाजराची, एका ओळीत. दत्ताचा दोनदा फोन आला, मॅडम, पुस्तक पाठवा, आईला दाखवायचंय. मी सांगितलं, प्रती संपल्यात.

प्रती माझ्या कपाटात आहेत. पोरगी वर्षाची झाली की पाठवीन.